शेवटचा हात कोणाचा?

ओव्हाळ मिस्त्री गेल्याची बातमी मला चाकणच्या एका कंपनीच्या गेटाबाहेर, गाड्यांच्या रांगेत कळली. सकाळचे दहा वाजले असतील. आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी मिस्त्रींचा फोटो टाकला. कुठल्यातरी लग्नातला फोटो होता. शेजारच्या माणसाचा अर्धा फेटा आणि एक कान त्यात तसाच राहिला होता. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग सुरू झाली हात जोडण्याची चढाओढ. मध्येच एकाने ‘जुने टायर विकणे आहे’ असं टाकलं, तर त्यालाही दोघांनी त्याच ओघात हात जोडले. अकरा वाजेपर्यंत मिस्त्री ‘देवमाणूस’ झाले होते, ‘इंजिनाचे डॉक्टर’ झाले होते, आणि एका महाभागाने तर ‘आमचे गुरुवर्य’ असंही लिहिलं होतं. हा महाभाग गेली सात-आठ वर्षं मिस्त्रींच्या शेडवरून रोज गाडी नेत होता आणि एकदाही त्याने ब्रेकवर पाय ठेवला नव्हता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. मी ते सगळं वाचत बसलो, दात-ओठ खात बसलो, आणि मग मीसुद्धा टाइप केलं... ‘आमचा आधार गेला.’ पुढे दोन हात जोडले. रांग सरकली तशी गाडी पुढे घेतली.

मी काही लेखक नाही. एका जुन्या ट्रकचा मालक आहे आणि त्याच ट्रकचा ड्रायव्हरही. मूळ परांड्याकडचा, आता पंचवीस वर्षं कुरुळीत राहतो. चाकणच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्राला पत्रं लिहायची मला खोड आहे. खड्डे बुजले नाहीत, पण पत्रं छापून येत गेली, आणि त्यामुळे आमच्या धंद्यात माझी ‘लिहिता येणारा माणूस’ अशी ख्याती झाली. मिस्त्री गेल्यावर पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. ‘कदम, तुमच्या त्या मेकॅनिकवर लिहा काहीतरी छानसं, माणुसकीचं.’ छानसं! मिस्त्रींना हा शब्द ऐकवला असता तर त्यांनी हातातला पाना माझ्या दिशेने भिरकावला असता. ते छान नव्हते. फटकळ होते, कुजकट होते, आणि जगातल्या नव्वद टक्के गाडीवाल्यांना गाढव समजत होते. माझ्या मते त्यांचा अंदाज थोडा कमीच होता.

यशवंत ओव्हाळ हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त त्यांच्या शेडवरच्या पाटीला माहीत होतं. घर दापोडीत. वडील कारखान्यात फिटर होते, मिस्त्री हत्यारांतच वाढले. रोज सकाळी स्कूटरवरून कुरुळीला यायचे, रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड उघडायचे आणि लोखंडी खुर्ची बाहेर ओढून बसायचे. काम जुन्या डिझेल गाड्यांचं, आणि त्यातही इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचं आणि रेसचं, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याच्या वेगाचं. गाडी न्यूट्रलला उभी आहे, पाय पेडलवर नाही, तरी इंजिन उगाच ओरडतंय, किंवा एकदा चढतंय आणि एकदा बसतंय, अशी तक्रार घेऊन आलेला माणूस मिस्त्रींना विशेष आवडायचा. म्हणजे त्याची फजिती करायला आवडायचं. असा माणूस नेहमी घाईत असतो आणि नेहमी म्हणतो, ‘मिस्त्री, स्लोचा स्क्रू जरा पिळा ना, दोन मिनिटांचं काम आहे.’ स्लो म्हणजे उभ्या गाडीतली रेस. त्यावर मिस्त्री शांतपणे विचारायचे, ‘ताप आला की तुम्ही थर्मामीटर फोडता का?’

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी इंजिन बंद करायला लावायचे, चहा सांगायचे आणि गाडी थंड होईपर्यंत गाडीवाल्याला बडबडू द्यायचे. मग पहिला प्रश्न. ‘शेवटचा हात कोणाचा?’ म्हणजे ही गाडी बिघडायच्या आधी तिला शेवटचा हात कोणी लावला. आणि इतक्या वर्षांत त्यांना मिळालेलं उत्तरही एकच. ‘कोणाचाच नाही, मिस्त्री.’ ते मान हलवायचे. ‘गाडी खोटं बोलत नाही. बोलतो तो गाडीवाला.’ मग केबिनमधलं इंजिनावरचं झाकण उचलायचं. पेडलपासून पंपाकडे येणारी केबल पंपाजवळ सोडायची आणि इंजिन चालू करायचं. केबल सोडल्यावर रेस खाली आली तर दोष पायाकडचा : पेडल अडकतंय, केबल आत गंजलीय, कोणीतरी नवं जाड रबरी पायपुसणं टाकलंय. खाली आली नाही तर दोष पंपाकडचा : मग पंपाचा दांडा मागे ओढणारी स्प्रिंग बघायची, डिझेलच्या पायपात हवा शिरतेय का ते बघायचं. अर्धा भरलेला चहाचा ग्लास झाकणाच्या चौकटीच्या कडेवर ठेवायचे आणि चहाच्या सायीकडे टक लावून बसायचे. साय कशी थरथरते त्यावरून इंजिन कुठे अडखळतंय ते सांगायचे. आम्ही याला विद्या म्हणायचो. ते म्हणायचे, ‘विद्या कसली डोंबलाची, डोळे उघडे ठेवतो एवढंच.’ स्लोचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि तोही बहुतेक वेळा नाहीच.

त्या स्क्रूवर त्यांचा एक शिक्का असायचा. काम झालं की खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढायचे आणि स्क्रू आणि त्याचा नट जिथे मिळतात तिथे एक ठिपका द्यायचे. नंतर कोणी पाना लावला की ठिपका तडकतो आणि चोर पकडला जातो. बाटली वहिनींची होती. वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, सुमनताई. एकदा त्या शेडवर डबा घेऊन आल्या होत्या तेव्हा त्यांनी माझ्यादेखत विचारलं होतं, ‘माझी बाटली दर महिन्याला संपते कशी हो?’ मिस्त्री इंजिनात डोकं घालून म्हणाले, ‘नखं वाढलीत गाड्यांची.’ त्या माणसाने आयुष्यात केलेला प्रेमळ म्हणावा असा मी ऐकलेला हा एकच विनोद.

आता मुद्द्याचं लिहितो. छानसं इथे संपलं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्राच्या तोंडावर मी गाडी मिस्त्रींकडून पंपासकट तपासून घेतली होती. लाल ठिपका देऊन त्यांनी ती माझ्या हवाली केली. ‘घेऊन जा, शेठ.’ एका गाडीच्या मालकाला ते शेठ म्हणायचे, त्यात जो काय मान होता तो मला कळत होता. मग खंडेनवमी आली. आम्ही गाडी धुतली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. आरशांना, बंपरला, स्टिअरिंगला. आमच्या मंडळी म्हणाल्या, ‘अहो, पोट भरतंय ते इंजिन, आणि हार सगळे बाहेरच? एक आत घाला की.’ मला ते इतकं पटलं की मी झाकण उचललं आणि एक छान जाडजूड हार थेट पंपावर चढवला, त्यावर हळदीकुंकू टाकलं, उदबत्ती ओवाळली, झाकण लावलं. बाहेरचे हार चार दिवसांनी सुकले तसे मी काढले. आतला दिसत नव्हता, म्हणून नव्हताच. दसऱ्याला मिस्त्रींचं शेड बंद असायचं. त्या दिवशी ते आणि वहिनी पांढरे कपडे घालून विहारात जायचे. त्या सगळ्या रस्त्यावर झेंडू नसलेलं ते एकच शेड, आणि आम्ही त्यावरून जाताना एकमेकांना म्हणायचो, ‘यांच्या हत्यारांना यश येतं तरी कसं?’ हे असं बोलायला आम्हाला लाज वाटायची नाही. आम्ही भक्त लोक होतो ना!

पंधरा-वीस दिवसांत गाडी वेड्यासारखी करायला लागली. सिग्नलला उभी असताना पाय न लावता रेस चढायची, मग आपोआप उतरायची. कधी सकाळभर शहाण्यासारखी राहायची आणि दुपारी अचानक किंचाळायला लागायची. मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, ‘शेवटचा हात कोणाचा?’

‘तुमचाच,’ मी म्हणालो. जरा चढ्या आवाजातच.

ते उठले, वाकून ठिपका बघून आले. ‘ठिपका जागेवर हाय. स्क्रूला कोणी हात लावलेला नाही. गाडी अर्धा दिवस उभी करा शेठ. केबल सोडतो, स्प्रिंग उघडून बघतो.’

‘अर्धा दिवस? माझा लोडिंगचा नंबर आहे दुपारी.’

‘मग नंबर घ्या. गाडी काय, ती तुमच्यासाठी कुठंही बंद पडंल.’

मला राग आला. राग याचा आला की ते बरोबर होते. मी गाडी काढली ती थेट भोसरीतल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथे कंपनीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ हातात स्कॅनर घेऊन आले. माझ्या गाडीभोवती त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या, डॅशबोर्डखाली बॅटरी मारली आणि विचारलं, ‘सॉकेट किधर है?’ सॉकेट नव्हतंच. ज्या काळात माझी गाडी बनली तेव्हा गाड्या वायर लावून आपलं दुखणं सांगत नव्हत्या. गृहस्थांचा चेहरा असा पडला की विचारू नका. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंटच मिळाला नाही. मग त्यांनी तेच केलं जे प्रत्येक अडाणी माणूस करतो. पाना घेतला आणि स्लोचा स्क्रू पिळून रेस खाली आणली. ‘ओके है सर.’ वर सुगंधी पुडी आरशाला अडकवून दिली. मिस्त्रींचा ठिपका तिथे तडकला, आणि मी तो तडकताना पाहिला. मी काय म्हणालो? मी ‘थँक्यू’ म्हणालो.

आता गाडीत दोन दुखणी झाली. मूळ दोष तसाच होता, तो सुटला की गाडी बंद पडायला बघायची आणि तो अडकला की ओरडायची. तिसऱ्या दिवशी चाकणच्या त्या कंपनीत मी गाडी मागे घेत लोडिंगच्या ओट्याला लावत होतो. क्लच अर्धा सोडलेला, पाय पेडलवरून काढलेला, आणि अचानक इंजिनाने जी उसळी घेतली... गाडी धाडकन ओट्यावर आदळली. वर रचलेले पेट्यांचे थर कोसळले. ओट्यावर उभा असलेला लोडर वेळेवर मागे उडी मारून पडला. त्याच्या मनगटाला मार लागला, बाकी वाचला. दोन हात पुढे असता तर मी आज हा लेख लिहायला मोकळा नसतो. सेफ्टी ऑफिसर धावत आला. पांढरं हेल्मेट, हातात पॅड, आणि कोणीतरी दोषी सापडणार या कल्पनेने आलेला उत्साह.

‘गाडीचं मेंटेनन्स लास्ट कोणी केलंय?’ त्याने विचारलं. म्हणजे तोच प्रश्न. शेवटचा हात कोणाचा?

माझ्याभोवती दहा-बारा गाडीवाले उभे होते. भोसरीचं नाव घेतलं तर, ओट्यावर आदळायच्या तीन दिवस आधीच गाडी बिघडलेली होती आणि ते मला माहीत होतं, हे उघड झालं असतं. बिघडलेली गाडी जाणूनबुजून आत आणली म्हणून गेट-पास गेला असता. त्या गेटावर माझं घर चालत होतं. मी म्हणालो, ‘ओव्हाळ मिस्त्री. कुरुळीचे. पंप त्यांनीच केलाय नवरात्राच्या आधी.’ शब्द सुटे धरले तर एकही खोटा नव्हता. असं खरं बोलायला फार हलकट माणूस लागतो. ऑफिसरने नाव लिहून घेतलं, स्पेलिंगही मला विचारलं आणि मी सांगितलं.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ‘ओव्हाळच्या गॅरेजमध्ये काम केलेली गाडी आत घेणार नाही,’ असं गेटावर तोंडी सांगितलं गेलं. तोंडी गोष्टीला तारीख नसते, ती कधी संपत नाही. त्या गेटाच्या गाड्यांची रांग मिस्त्रींच्या शेडपासून हटली आणि बघता बघता बाकीच्यांनीही पाय काढला. आपल्याकडे अक्कल उसनी घ्यायला कोणाला लाज वाटत नाही. ‘म्हातारा आता चुकायला लागला,’ असं एक म्हणाला आणि दहांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकालाही पंप आणि पाणीपुरी यातला फरक सांगता आला नसता. मिस्त्री मात्र रोज यायचे. खुर्ची बाहेर ओढायचे आणि समोरून जाणाऱ्या त्याच गाड्यांचे आवाज ऐकत बसायचे. पुढे छोटे टेम्पो, शेतातले ट्रॅक्टर असली कामं करू लागले.

महिनाभराने मी गेलोच त्यांच्याकडे. पश्चात्ताप झाला म्हणून नाही. गाडी अजून किंचाळत होती म्हणून. निर्लज्जपणे गाडी शेडसमोर लावली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चहा सांगितला, आणि तोच प्रश्न विचारला.

‘शेवटचा हात कोणाचा, शेठ?’

‘कोणाचाच नाही,’ मी म्हणालो.

त्यांनी झाकण उचललं. तडकलेल्या ठिपक्यावर एक बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. केबल सोडली. रेस खाली आली नाही. मग बॅटरी धरून पंपाच्या दांड्याची स्प्रिंग बघायला लागले. बराच वेळ गेला. चिमट्याने हळूहळू, काटा काढावा तसं त्यांनी काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वंगणाने काळा झालेला, हातभर लांब दोरा. त्याच्या एका गाठीत झेंडूचा सुकलेला देठ तसाच होता, आणि त्या गाठीत अजून पिवळी हळद दिसत होती. फुलं गळून गेली होती आणि दोरा स्प्रिंगच्या वेढ्यांत शिरून बसला होता. कधी तो दांड्याला पूर्ण मागे येऊ देत होता, कधी मध्येच अडवत होता. स्कॅनरवाल्याला तो दिसला नाही यात नवल नाही. त्याने बघितलंच नव्हतं. मी तर स्वतःच्या हाताने घातला होता.

मला वाटलं, आता हे मला फाडून खाणार. देवावरून बोलणार, आमच्या मंडळींवरून बोलणार, विहाराला हसणाऱ्या आम्हा सगळ्यांचा उद्धार करणार. बोलायला जागा होती आणि हक्कही होता. ते एवढंच म्हणाले, ‘घातलेला हार उतरवायचा पण असतो, शेठ. तुमच्यात त्याला निर्माल्य म्हणतात ना?’

मी मान हलवली.

‘त्या साहेबाला सांगा जाऊन. दोरा घेऊन जा, दाखवा. मला बाकी काय नको, माझ्या हाताला नाव ठेवलंय तेवढं काढा.’

‘उद्याच सांगतो, मिस्त्री. आईशप्पथ.’

त्यांनी स्क्रू जागेवर आणला, इंजिन चालू केलं. चहाचा ग्लास ठेवला, सायीकडे बघितलं. बाटली काढून नवा ठिपका दिला. इंजिन असं बोलत होतं की जणू ते कधी ओरडलंच नव्हतं.

तो उद्या आला नाही. पहिल्या आठवड्यात ऑफिसर रजेवर होता, हे खरं. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याला टाळलं. नंतर म्हटलं, आता विषय थंड झालाय, कशाला उकरायचा. मनगट बरं झालेला लोडर कामावर आला होता, माझा गेट-पास शाबूत होता, सगळं सुरळीत होतं. फक्त एका म्हाताऱ्या माणसाचं नाव गेलं होतं, आणि ते माझं नव्हतं. मिस्त्रींनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही की सांगितलंत का. मी गाडी नेत राहिलो, ते करत राहिले, आणि गेटावर मी त्यांचं नाव घेत नव्हतो. पण एक गोष्ट बदलली. दुसरा कोणीही आला की ते विचारायचे, ‘शेवटचा हात कोणाचा?’ मला विचारणं त्यांनी सोडून दिलं. मी झाकण उघडून उभा राहायचो, ते थेट कामाला लागायचे. त्या प्रश्नाचं चिडवणं वर्षानुवर्षं सोसलं होतं, पण तो विचारला न जाणं... ज्याच्याकडून खऱ्या उत्तराची आशाच उरलेली नाही त्याला कोण कशाला विचारेल? मी चाळिशी ओलांडलेला माणूस, एका प्रश्नासाठी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचो. तो आला नाही.

परवा शोकसभा झाली, दापोडीला. मिस्त्री सकाळी चहा पिता पिता गेले, ग्लास हातातच होता, असं कोणीतरी सांगितलं. सभेत गाडीवाल्यांची रांग लागली होती. ज्यांनी शेड टाळलं ते पुढच्या खुर्च्यांवर. एकजण ‘त्यांनी आम्हाला घडवलं’ म्हणाला आणि त्याचा आवाज भरून आला. मला त्याच्या आवाजाची कीव आली. मग माझं नाव पुकारलं. ‘कदम, जुने गिऱ्हाईक, लिहिणारे आहेत, दोन शब्द बोलतील.’ मी उभा राहिलो. समोर पांढऱ्या साडीत वहिनी होत्या. मी सायीची गोष्ट सांगितली, नेलपॉलिशची सांगितली. लोक हसले, मग हळहळले. मी खाली बसलो. त्या सभेतला सगळ्यात भिकार माणूस मी होतो, आणि टाळ्या वाजवायची पद्धत असती तर सगळ्यात जास्त मलाच मिळाल्या असत्या.

निघताना वहिनींनी हाक मारली. ‘भाऊ, एक विचारू? त्या कंपनीत तेव्हा यांचं नेमकं काय चुकलं होतं हो? मी लई वेळा विचारलं, ते बोललेच नाहीत. नुसतं म्हणायचे, झालं असंल. इतकी वर्षं झाली, माझ्या मनातून जात नाही. यांच्या हातून तो माणूस जायबंदी झाला असता का?’

‘जाऊ द्या वहिनी,’ मी म्हणालो. ‘आता कशाला ते.’

त्यांनी मान हलवली. नवऱ्याची चूक खरीच होती आणि मी ती झाकतोय, असा अर्थ त्यांनी घेतला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दिसलं, आणि तरी मी चपला घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेलो, तो दोरा घेऊन. हो, दोरा मी टाकला नव्हता. गाडीच्या कागदांच्या पाकिटात होता. तो ऑफिसर कधीच नोकरी सोडून गेलाय. त्याच्या जागी नवीन साहेब आहेत, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोन फोनही घेतले. मग म्हणाले, ‘काका, ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल. आता कोण बघतंय?’ मी विचारलं, मग गेटावर अजून ओव्हाळांकडे काम केलेल्या गाड्या का घेत नाहीत? ते म्हणाले, ‘असा काही रूलच नाहीये आमच्याकडे.’ रजिस्टर रद्दीत गेलं, रूलच नव्हता, साहेब निघून गेला. उरलं होतं ते फक्त माणसांच्या तोंडात. आणि चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यावं लागतं, म्हणून हे इथे लिहितोय. संपादकांनी याला छानसं समजून छापावं किंवा छापू नये. ओव्हाळ मिस्त्रींचं काहीही चुकलं नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर जे झालं ते माझ्यामुळे झालं, आधी माझ्या हाराने, मग माझ्या घाईने, आणि शेवटी माझ्या तोंडाने. जे गाडीवाले त्यांना चुकणारा म्हातारा म्हणाले त्यांनी आपापल्या पिलावळीला हे वाचून दाखवावं.

वहिनी रविवारची पुरवणी वाचतात, शब्दकोडं सोडवण्यासाठी. येत्या रविवारी मी दापोडीला जाणार आहे, पण त्यांचं वाचून झाल्यावर. दार उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. नाही उघडलं तर मी त्याला योग्यच म्हणेन.

आज सकाळी गाडी काढायच्या आधी मी केबिनमधलं झाकण उचललं. पंपावर धूळ होती, वंगण होतं, आणि स्क्रूवर त्यांनी गेल्या वेळी दिलेला लाल ठिपका, अजून अखंड. इंजिन चालू केलं. चहाचा ग्लास कडेवर ठेवला आणि सायीकडे बघत बसलो. साय हलली नाही. शेजारची सीट रिकामी होती, विचारणारं कोणी नव्हतं. मी इंजिनाच्या आवाजात मोठ्याने उत्तर दिलं.

माझा, मिस्त्री. शेवटचा हात माझा होता.